आबांची ठासणीची बंदूक आणि जत्रेतले फुगे

तुम्ही विचारलंय की ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून बंदूक किंवा मौजेची नेमबाजी आहे, त्यांनी आठवणी सांगाव्यात आणि त्यातलं पुढच्या पिढीकडं काय आलं तेही लिहावं. आमच्या घरात बंदूक आता नाही. नेमबाजी आहे, आणि ती कुठून आली हे मला नीट ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या जंगलाच्या अलीकडं. संस्थानाच्या काळात ते कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. माझे पणजोबा तिथं हाकाऱ्याला जायचे. डबे-ढोल बडवत रान उठवायचं आणि जनावर मचाणाच्या दिशेनं रेटायचं, एवढंच काम. शिकाऱ्याला जनावर समोरून दिसतं, हाकाऱ्याला पाठमोरं. त्यामुळं आमच्या घरातल्या शिकारीच्या गोष्टींमध्ये कुणी काय मारलं हे फारसं नाहीच. गवा कसा थांबला, मागं वळून कसा बघत राहिला, कुणाची पळताना चप्पल कशी तुटली, हेच आहे. 1949 साली संस्थान विलीन झालं, 1958 मध्ये तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषयच संपला. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेले जुने फोटो काही घरांत अजून भिंतीवर आहेत. मला ते बघवत नाहीत. ती परंपरा संपली हे चांगलंच झालं असं मी मनापासून मानते.

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची बंदूक वेगळ्या कारणानं आली. रानडुकरं रात्रीत भुईमुगाचं वावर नांगरून टाकायची, म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यावर त्यांनी ठासणीची एकनळी घेतली. ती भरायची म्हणजे सोहळाच. आधी नळीत मापानं दारू, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, आणि शेवटी घोड्याखाली टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी वाटी. एवढं करून हातात एकच बार. तो वाया गेला तर अंधारात हे सगळं पहिल्यापासून. त्यामुळं आबा चापाला बोट लावायच्या आधी फार वेळ घ्यायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. तेवढे दिवस ते वावरातल्या राखणीच्या माळ्यावर नुसता पत्र्याचा डबा घेऊन बसायचे आणि डुकरं त्यालाही पळायची.

मी नऊ-दहा वर्षांची असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर माळ्यावर राहायला गेले होते. खाली खसखस झाली. आबांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ धरली आणि हळूच खाली घेतली. मी विचारलं, का नाही मारलं? म्हणाले, "नेम बसला न्हाई. बसला न्हाई तर उतरवायची. धरून ठेवलं की हात कापतो, आन् मग माणूस उगंच चाप वढतोय." दुसरा नियम नळीचा. भरलेली असो की मोकळी, तोंड जमिनीकडं. एकदा धाकट्या काकांनी मोकळी बंदूक गंमतीनं म्हशीकडं रोखली, तर आबांनी सगळ्यांदेखत त्यांच्या थोबाडीत दिली होती. काकांचं तेव्हा लग्न झालेलं होतं.

पण तुम्ही मौजेच्या नेमबाजीबद्दल विचारलंय, आणि आमच्याकडं मौज म्हणजे जत्रा. जत्रेत फुगे फोडायचा गाडा यायचा. फळीवर रंगीत फुग्यांच्या ओळी, आणि नळी खाली वाकवून छर्रा घालायची ती बंदूक. माळ्यावरचे आबा आणि गाड्यापुढचे आबा ही दोन माणसं वाटायची. पटका मागं सारून ते आधी बंदूक हातात घेऊन जोखायचे, नळीवरून डोळा फिरवायचे. या बंदुकांची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, बहुधा वाकडी असते. म्हणून पहिला छर्रा ते फुग्याला मारायचेच नाहीत. फळीवरचा एखादा डाग धरायचे, छर्रा कुठं लागला ते बघायचे आणि म्हणायचे, "चार बोटं उजवीकडं जातीया." मग प्रत्येक फुग्याच्या चार बोटं डावीकडं नेम. ओळ साफ व्हायची. गर्दी जमायची. गाडेवाला तोंड पाडायचा, तर आबा जाताना त्याला एक-दोन रुपये जास्तीचे देऊन जायचे.

मुलींच्या हातात बंदूक द्यायची का, यावर आजीचं मत वेगळं होतं. आबांनी ऐकलं नाही. माझी उंची पुरत नव्हती म्हणून नारळाच्या पोत्यावर उभं केलं आणि मागून कोपराला आधार दिला. कानाशी म्हणाले, "श्वास सोड. अर्धा सोडलास की थांब." माझा पहिला फुगा पिवळा होता. तो फुटल्याचा आवाज ऐकून मीच दचकले.

वडिलांची नेमबाजी थोडक्यात सांगते, कारण तेही थोडक्यातच सांगतात. कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत गेले, पालथं झोपून पॉइंट टू टू रायफल चालवली. पाच गोळ्या किती जवळजवळ लागल्या हे उस्ताद मोजायचे. भोकं पडलेला एक कागद त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवलाय. पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.

आबा गेले तेव्हा परवाना नावावर करून घ्यायला कुणी पुढं आलं नाही. बंदूक जमा केली. गज मात्र माळ्याच्या कुडाला अडकवलेला होता, तो तसाच राहिला. खंडेनवमीला आम्ही कोयता, खुरपं, विळ्याबरोबर तोही पुजतो.

माझी मुलगी आता दहा मीटर एअर रायफल खेळते. तिच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे. त्याआधी सरावाचे छर्रे मिळतात, ते गुणांत धरत नाहीत. मी पहिल्यांदा ते बघितलं आणि मला थेट फुग्यांचा गाडा आठवला. आबा पहिला छर्रा डागावर मारायचे तो याचसाठी. प्रशिक्षकांनी तिला शिकवलेली पहिली गोष्ट ही की पकड स्थिर झाली नाही तर रायफल उतरव, श्वास घे, पुन्हा उचल. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा माझे वडील उठून आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं आले तेव्हा डोळे लाल होते.

1 ऑगस्ट 2024 ला आम्ही सगळे टीव्हीपुढं होतो. स्वप्नील कुसाळे आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि पालथं झोपून झालं तरी तो पदकाबाहेर होता. उभ्यानं मारताना सरकत सरकत वर आला आणि 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक आणलं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं होतं, तेव्हाही पेढे वाटले होते. पण शेजारच्या गावातलं पोरगं म्हणजे वेगळंच. वडील पदकाबद्दल काही बोलले नाहीत. तो रायफल खांद्याला लावून किती वेळ थांबतो, एवढंच बघत होते.

मुलीनं परवा त्यांना विचारलं, आबापणजोबांचा नेम खरंच इतका चांगला होता का? वडील बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, जत्रेतलं सोड, पण मी घरात होतो तेवढ्या सगळ्या वर्षांत माळ्यावरून बार झालेला मी चारदा ऐकला. त्यातले तीन हवेत होते.