बाजूची जागा

प्रश्न : आमच्या वेंगुर्ला तालुक्यातल्या गावातून आम्ही सहाजणी रोज सकाळच्या एसटीने काजूच्या कारखान्यात जातो. मला ताई म्हणणारी शेजारची सून दोन वर्षे माझ्या बाजूला बसून काजूगर सोलते. तिचा नवरा तिला मारतो, पगार काढून घेतो, आणि गेल्या श्रावणापासून त्याने तिचे बचत गटाच्या बैठकीला येणेही बंद केले आहे. ‘कोणाला सांगू नको, तो मला कामावरही सोडणार नाही,’ असे ती म्हणते. वाचनालयात अफगाणिस्तानातील बायकांविषयी वाचले, तेव्हा वाटले की इतक्या युद्धातही त्या एकमेकींच्या आधाराने तगल्या, आणि मला मात्र भिंतीपलीकडच्या बाईसाठी काही करता येत नाही. नुसत्या मैत्रीने काय होणार?
— एक वाचक

उत्तर : ‘नुसती मैत्री’ हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. नवऱ्याने आधी बचत गट बंद केला, हे तुम्हीच लिहिले आहे. बायका जिथे एकत्र बसतात ती जागाच आधी काढून घेतली जाते, कारण ती जागा काय करू शकते हे छळणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. अफगाणिस्तानात 15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद राहिल्या, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारे मिटली, आणि जुलै 2023 मध्ये ब्यूटी पार्लरही बंद करण्याचा हुकूम निघाला, ज्यामुळे कमाई तर गेलीच, पण घराबाहेर बायकांनी भेटण्याचे एक उरलेसुरले ठिकाणही गेले.

त्यापूर्वीच्या तालिबानी राजवटीत, म्हणजे 2001 पर्यंत, हेरात शहरात बायकांनी शोधलेली वाट तुमच्या कारखान्याच्या फार जवळची आहे. शिवणकामाला परवानगी होती, म्हणून त्या ‘सोनेरी सुई’ नावाच्या शिवणवर्गाला कापड आणि कात्री घेऊन जात, पिशवीत खाली वह्या लपवीत, आणि विद्यापीठातील प्राध्यापकांकडून तिथे साहित्य शिकत. बाहेर खेळणारी मुले कोणी येत असल्यास इशारा देत. सुईच्या आड त्यांनी आपले बसणे-बोलणे राखले. काजूच्या तेलाने बोटे काळी करणारे तुमचे काम हीसुद्धा आज तिच्यासाठी तशीच आड आहे, आणि ती उघडी पडेल असे काही तुमच्या हातून होऊ नये. तिच्या नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, गावकीत विषय काढू नका, आणि ‘तू अजून तिथे का राहतेस?’ हा प्रश्न तर कधीच विचारू नका. मार खाणाऱ्या बाईला तो दोषारोपासारखाच ऐकू येतो.

मात्र हेरातमध्ये राज्याचा हुकूमच छळणाऱ्याच्या बाजूने होता, आणि आपल्याकडे कायदा तिच्या बाजूने आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात मारहाणीबरोबरच आर्थिक छळही येतो, त्यामुळे पगार काढून घेणे ही नवराबायकोची खासगी बाब उरत नाही. आपल्याकडची घरे सामाईक असतात, उताऱ्यावर सासऱ्याचे किंवा मुंबईतल्या चुलत्यांचे नाव असते, आणि म्हणून सुनेला वाटते की आपले इथे काहीच नाही. परंतु ज्या घरात ती नवऱ्याबरोबर नांदते त्या घरात, तिच्या नावावर काहीही नसले तरी, राहण्याचा हक्क हा कायदा तिला देतो. ही एक गोष्ट तिला शांतपणे, काम करता करता सांगा. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला खबर कोणीही देऊ शकते, आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर त्यासाठी खटला होऊ शकत नाही. तरीही तिच्या होकाराशिवाय तुम्ही ती देऊ नये असे माझे मत आहे. तिच्या जिवाला धोका दिसला तर मात्र होकाराची वाट न पाहता 112 वर फोन करावा. सल्ल्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना त्यांचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तुमचे काम साक्षीदाराचेही आहे. वळ पाहिलात तो दिवस, तिने सांगितलेले शब्द, पगार गेला ती तारीख, हे सारे तुमच्या घरच्या वहीत लिहून ठेवा. ती उद्या न्यायालयात गेली तर ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाला उत्तर असेल. तिची इच्छा असेल तर आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा, महिनाभर पुन्हा काढू नका, आणि सकाळच्या एसटीत रोजच्यासारखी तिच्यासाठी बाजूची जागा धरा.