मॅप की कलेक्ट?

रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅप आणि कलेक्ट या मेथड एकच काम करतात (यादीतल्या प्रत्येक घटकावर क्रिया करून नवी यादी देतात), मग दोन नावं कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. कलेक्ट, सिलेक्ट, इंजेक्ट ही मंडळी स्मॉलटॉक या जुन्या भाषेकडून आलेली. मॅप, रिड्यूस फंक्शनल भाषांच्या वळणाची. सिलेक्टला फिल्टर हे दुसरं नाव तर २०१८ मध्ये, २.६ आवृत्तीत मिळालं.

माझं विचारशील तर यात लिहिणाऱ्याची चैन आणि वाचणाऱ्याचा जाच. कोडमध्ये शोध घेताना निम्म्या जागा निसटतात, ते वेगळंच. पायथनमध्ये 'असमान' साठी दोन चिन्हं होती; तिसऱ्या आवृत्तीत एकाला नारळ दिला. मला ते पटलं.

पण खरी फसगत होते ती जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या परक्यांमुळे. साध्या ॲरेवर, म्हणजे यादीवर, काउंट, लेंग्थ, साइझ तिन्ही एकच उत्तर देतात. रेल्स या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसच्या नोंदींवर मात्र काउंट दर वेळी डेटाबेसला नवी क्वेरी (विचारणा) मारतो, लेंग्थ सगळ्या नोंदी मेमरीत ओढतो आणि साइझ आधी आणलेल्या असतील तर त्याच मोजतो. लूपमध्ये काउंट टाकून मी एकदा चालू सर्व्हर आडवा केलाय.

तेव्हा टीममध्ये जे नाव रुळलंय तेच वापर, आणि रूबोकॉप या कोड तपासणाऱ्या साधनात तसा नियम लावून ठेव. वाद घालायला इतर विषय भरपूर आहेत.