कंबर गेली म्हणून जिम सोडू का?

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी तरी कंबरेचीच आहेत. त्यातली तीन घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तो प्रश्न मला क्लिनिकमधे रोज कोणी ना कोणी विचारतंच.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, वय ३८. चार वर्षांपूर्वी जिममधे डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा बार उचलणं) मारताना कंबरेत कट् असा आवाज आला आणि तिथेच खाली बसलो. एमआरआयमधे एल४-एल५ ला (कंबरेच्या खालच्या मणक्यांमधे) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, आणि एल५-एस१ ला पण थोडं, शिवाय डिजनरेशन म्हणजे झीज असं लिहिलंय. तेव्हापासून दोन महिने बरं असतं, मी जिमला जातो, वजन वाढवतो आणि मग एक दिवस फक्त सेफ्टी शूज घालायला वाकलो तरी लॉक होते. मग १५ दिवस पट्टा, गोळ्या, शेक. आधी पायात मुंग्या यायच्या, आता येत नाहीत. घरचे म्हणतात वजनाचं नाव काढू नको, फक्त चालायला जा. मला जिम सोडवत नाही. खरं सांगा, सोडू का? – एक वाचक, सातपूर

उत्तर : दादा, सोडू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पण चार वर्षं जे चाललंय ते मात्र सोडावं लागेल, म्हणजे बरं वाटलं की थेट जुन्या वजनावर जायचं आणि दुखलं की सगळंच बंद करून पडून राहायचं.

माझी स्वतःची कंबर २००९ मधे गेली. एल५-एस१, डावा पाय करंगळीपर्यंत बधिर. मी तेव्हा फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेली, तरी जिममधल्या ट्रेनरने अजून एक अजून एक म्हणत पाठ गोल झालेली असताना ओढायला लावलं आणि मी ओढलं. नंतर ज्यांना दाखवलं त्यांनी तीन आठवडे पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि मी तेही ऐकलं. तीन आठवड्यांनी दुखणं थोडं कमी झालं होतं पण पायातली ताकद इतकी गेली होती की रामकुंडाजवळच्या घाटाच्या पायऱ्या मी आईचा हात धरून चढले. पडून राहण्याचं नुकसान काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. आता जगभर तज्ज्ञ हेच सांगतात की अंथरुणात पडून राहू नका, जमेल तेवढं हलत राहा.

आधी रिपोर्टचं बोलू, कारण मला वाटतं तुमची निम्मी भीती त्या कागदाची आहे. २०१५ मधे एक मोठा आढावा आला होता, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र बघितले होते. त्यात चाळिशीच्या ६८ टक्के लोकांच्या डिस्कमधे झीज दिसली आणि ५० टक्क्यांना बल्ज होता, आणि दुखत कोणालाच नव्हतं. म्हणजे तुमच्या कागदावर लिहिलंय ते खोटं नाही, पण तुमच्या वयाच्या तुमच्याच शिफ्टमधल्या धडधाकट माणसाचा एमआरआय काढला तरी त्यातही हे शब्द निघू शकतात. डिस्क बाहेर आली तरी बऱ्याच जणांची ती काही महिन्यांत आपोआप आकसते. तुमच्या पायातल्या मुंग्या गेल्या ही फार चांगली खूण आहे. दुखणं पायातून वर कंबरेकडे सरकलं की समजायचं बरं चाललंय, आणि कंबरेतून खाली पोटरीकडे पावलाकडे जायला लागलं तर थांबायचं.

आता ते सेफ्टी शूज. बुटाचा काही दोष नाही. आपली डिस्क रात्रभर पाणी ओढून फुगते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण एखाद सेंटीमीटर उंच असतो, आणि अशा फुगलेल्या डिस्कवर खोल वाकलं की ताण जास्त येतो. तुम्ही फर्स्ट शिफ्टला पाचला उठणार, लगेच वाकून आंघोळ, वाकून बूट. त्यात आधीच्या दोन-तीन दिवसांचा जिमचा भार अजून उतरलेला नसतो. मग बूट हे फक्त निमित्त होतं. उठल्यावर पहिला तासभर खोल वाकायचं नाही एवढं एक पाळून बघा, बूट खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन घाला, बादली स्टुलावर ठेवा. सकाळी उठल्या उठल्या सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनाही मी हेच सांगते, सूर्यनमस्कार वाईट नाहीत, फक्त कंबरेचं दुखणं असेल तर ते जरा उशिरा घाला आणि गुडघे थोडे वाकवून घाला.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. व्यायाम जमला की नाही हे जिममधे ठरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. जिममधे शरीर गरम असतं, गाणी चालू असतात, सोबत मित्र असतात, तिथे सगळं बरंच वाटतं. एक वही करा. रोज सकाळी उठल्यावर कंबरेला दहापैकी किती मार्क दुखतंय आणि आखडलेपण जायला किती वेळ लागला एवढंच लिहा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसरी सकाळ नेहमीसारखीच असली तर घाबरायचं कारण नाही, तो व्यायाम तुमच्या पचनी पडला. सकाळ जड गेली तर पुढच्या वेळी तोच व्यायाम एक तृतीयांश कमी करायचा, बंद नाही करायचा. मी हे आजही करते, माझी वही बघितली की मला कळतं की मुंबईला गाडीने जाऊन आलं की माझे दोन दिवस कमीचे असतात, मग मी त्या आठवड्यात वजन वाढवतच नाही.

करायचं काय तर पहिले सहा आठवडे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम, कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड डॉग. दिसायला बायकांचे आहेत म्हणून जिममधली पोरं करत नाहीत, पण नीट केले तर घाम फुटतो. कर्ल-अपमधे एक गुडघा वाकवून, हात कंबरेच्या खाचेत ठेवून फक्त डोकं-खांदे किंचित उचलायचे. साइड प्लँक सुरुवातीला गुडघ्यावर केला तरी चालेल. बर्ड डॉगला ओणवं होऊन उलटसुलट हात-पाय लांब करायचा, कंबरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. मिनिटभर ताणून धरण्यापेक्षा हे बरं, कारण आपल्याला दिवसभर पुरणारा दम हवाय.

सोबत वाकायला परत शिका. काठी पाठीवर उभी धरा, डोकं, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि मग ढुंगण मागे नेत वाका, एकही जागा सुटू न देता. जिथे काठी सुटते तिथपर्यंतच तुमचा आजचा डेडलिफ्ट. म्हणून बार जमिनीवरून उचलू नका, ठोकळ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीला ठेवून सुरुवात करा. दहा वेळा उचलून झाल्यावर अजून चार वेळा आरामात जमेल इतकंच वजन घ्या. जुना आकडा विसरा, मला माहितीय हे लिहायला सोपं आणि करायला किती अवघड आहे ते, कारण शेजारचा पोरगा दोन प्लेट लावून ओढत असतो आणि आपण रिकाम्या बारवर. दोन आठवडे सकाळ स्वच्छ गेली की अडीच-अडीच किलो. ठोकळ्यांची उंची कमी करायची असेल त्या आठवड्यात वजन तेच ठेवा, दोन्ही एकदम नको. स्क्वॉटच्या जागी छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट, एक पाय पुढे टाकून स्प्लिट स्क्वॉट, आणि एका हातात जड डंबेल घेऊन सरळ चालणं. एका हातात वजन घेऊन न कलंडता चालायला कंबरेच्या बाजूच्या स्नायूंना जेवढं काम पडतं तेवढं शंभर क्रंचेसमधे पडत नाही. क्रंचेस आणि सिटअप्स तुम्ही सोडूनच द्या.

घरचे म्हणतात ते चालणं, त्यात मात्र ते बरोबर आहेत. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर अभ्यास झाला, २०२४ मधे लॅन्सेटमधे आला, सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना टप्प्याटप्प्याने रोजच्या ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस चालायला नेलं आणि समजावून सांगितलं त्यांना परत दुखायला लागायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. तेव्हा जिम नसेल त्या दिवशी गोल्फ क्लबच्या ग्राऊंडवर चार फेऱ्या मारा, हात हलवत, जरा झपझप. पांडवलेणीच्या पायऱ्या नंतर, आणि हरिहर, अंजनेरीचे किल्ले तर त्याच्याही नंतर, तिथे चढण्यापेक्षा उतरताना कंबरेला जास्त दणके बसतात.

मशीनपाशी उभं राहताना विटेएवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि पाय आलटून पालटून त्यावर घ्या. जॉब (मशीनवर लावायचा भाग) उचलून वळताना कंबरेतून पिळू नका, पावलं वळवा. आणि एवढं करूनही कधीतरी लॉक होईलच, माझी पण वर्षातून एकदा होते. तेव्हा नवीन काही तुटलं असं समजू नका. जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, दहा मिनिटं, मग उठून घरातल्या घरात चाला, असं दिवसातून पाच-सहा वेळा. दोन-तीन दिवसांनी परत तीन व्यायामांपासून सुरू करा.

फक्त एक गोष्ट वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना असं झालं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. ताप, विनाकारण वजन कमी होणं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

प्रश्न : ताई, आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझं वय ५२. छाटणीनंतर काड्या वेचायला दिवसभर वाकून आणि विरळणीला (घडातले जास्तीचे मणी काढायला) दिवसभर हात वर, दोन्हीने कंबर जाते. सहा-सात वर्षं झाली. गावात एक जण पाठीवर पाय देऊन नस बसवतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पट्टा लावून काम केलं तर चालेल का? – एक शेतकरी भगिनी

उत्तर : ताई, पाठीवर पाय देऊ देऊ नका, हात जोडून सांगते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात आणि अशा मणक्यावर माणसाचं वजन पडलं तर मणका दबू शकतो. बरं वाटतं ते तासा-दोन तासांचं, त्यासाठी एवढा धोका नको. एकदा हाडांची तपासणी करून घ्या.

पट्ट्याचं असं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमधे जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि वजन लावून ताणणं हे दोन्ही नेहमीचे उपचार म्हणून करू नका असंच म्हटलंय, व्यायाम करा म्हटलंय. मी माझ्या पेशंटला माल निघायच्या दिवसांत दोन तास पट्टा लावला तर रागवत नाही, पण घरी आल्यावर काढायचा.

तुमच्या बाबतीत कंबर वाकण्याने जात नाही, एकाच अवस्थेत तासनतास राहण्याने जाते. काड्या वेचताना प्रत्येक ओळ संपली की उभं राहून हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे व्हा. विरळणीला उलटं, वीस मिनिटांनी खाली उकिडवं बसून घ्या. दोन्ही कामं एकाच दिवशी आलटून पालटून करता आली तर फारच छान. भरलेली क्रेट पोटाशी धरून उचला, लांब हात करून नाही, आणि शक्य तिथे दोघींनी मिळून. व्यायाम म्हणाल तर संध्याकाळी खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, आणि भरलेली कळशी एका हातात घेऊन अंगणात चालणं, मग दुसऱ्या हातात. बागेत काम कमी असतं त्या महिन्यांत हे सुरू करा, ऐन छाटणीत नको, तेव्हा अंग आधीच थकलेलं असतं.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर आणि गोळाफेक. तीन महिने झाले, कंबरेत एकाच बाजूला दुखतं, गोळा फेकताना मागे वाकला की जास्त. अ‍ॅकॅडमीत म्हणतात रनिंगने मोकळं होईल. – एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, वर सातपूरच्या दादांना मी चालू ठेवा म्हणाले, तुमच्या मुलाला मी थांब म्हणतेय. कोवळ्या वयात, सरावाचा भार एकदम वाढलेला, एका बाजूला दुखणं आणि मागे वाकल्यावर वाढणं, या सगळ्यावरून मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला तडा तर नाही ना ही शंका घ्यावीच लागते. वेगवान गोलंदाजांना होतं तेच हे, जसप्रीत बुमराहला २०१९ मधे कंबरेचा स्ट्रेस फ्रॅक्चर झाला होता. साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना वय, गोळाफेक आणि मागे वाकल्यावर दुखतं हे तिन्ही आठवणीने सांगा. लवकर सापडला तर पळणं आणि फेकणं साधारण तीन महिने थांबवून बहुतेक मुलं परत मैदानावर येतात, तसंच दामटलं तर वर्ष जातं. भरतीची जाहिरात आलीय, वय निघून चाललंय, ही काळजी मला समजते. तरी या आठवड्यात त्याला दाखवून आणा, तोपर्यंत गोळा आणि रनिंग दोन्ही बंद, आणि रिपोर्ट काय आला ते मला लिहा, पुढचा सराव कसा बांधायचा ते तो बघून ठरवू.