हायब्रिड रॉकेटचं इंधन खरंच बिनविषारी आणि सुरक्षित करता येतं का?

बिनविषारी बऱ्याच अंशी करता येतं. सुरक्षित मात्र ते आपोआप होत नाही.

हायब्रिडमध्ये सहसा इंधन घन असतं आणि ऑक्सिडायझर, म्हणजे ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, द्रव. इंधन म्हणजे एचटीपीबी नावाचं रबर, किंवा चक्क पॅराफिन, मेणबत्तीतलं मेण. काही द्रव-इंधन रॉकेटांतल्या हायड्राझिनसारखं विष नाही, घन-इंधन रॉकेटांतल्या अमोनियम परक्लोरेटमधून निघणारा आम्लाचा धूर नाही. रबर फार हळू जळतं, ही जुनी अडचण. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की मेणाचा पृष्ठभाग वितळतो, वरून वाहणारा वायू त्याचे थेंब उडवून ज्वाळेत नेतो आणि मेण रबराच्या तिपटीहून वेगाने जळतं. मे 2024 मध्ये हायइम्पल्स या जर्मन कंपनीचं मेण आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं रॉकेट ऑस्ट्रेलियातून उडालंसुद्धा!

खरी काळजी ऑक्सिडायझरची. हायब्रिडमध्ये बरेचदा वापरला जाणारा ऑक्सिडायझर म्हणजे नायट्रस ऑक्साइड. ते दातांच्या दवाखान्यातही वापरतात, म्हणून लोक गाफील राहतात. पण ते उष्णता सोडत स्वतःच विघटित होऊ शकतं. 26 जुलै 2007 रोजी कॅलिफोर्नियात मोहावी इथे स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीच्या रॉकेट-चाचणीत त्याचा स्फोट होऊन तिघांचा जीव गेला. तेव्हा इंजिन पेटवलेलंही नव्हतं, फक्त प्रवाह तपासत होते.

कॉलेजच्या टीमने असं रॉकेट करायचं असेल तर टाकी भरताना जवळ कुणीही नको, नळ्यांमध्ये तेल-ग्रीसचा अंशही नको. आणि आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या: 36.4 अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, दाब झपाट्याने चढतो. अनुभवी मार्गदर्शक नसेल तर कृपया थांबा.