डॉक्टरांना जाब विचारायला जाण्याआधी

ताई, हॉस्पिटलात आईला रात्रीचं इन्सुलिन चुकून दोनदा दिलं असं वाटतंय ना? मग आधी कागद हातात घ्या, भांडण नंतर. केसपेपर, नर्सिंग चार्ट, औषधांची नोंद, सगळ्याच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि अर्जावर पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे त्या 72 तासांत द्याव्या लागतात. "साहेब आल्यावर बघू" हे उत्तर काउंटरवर हमखास मिळतं; पोच घेतल्याशिवाय हलू नका.

मग डॉक्टरांची वेगळी वेळ मागा. ओपीडीच्या गर्दीत नको, आणि सोबत दहा नातेवाईक तर मुळीच नकोत. घोळका दिसला की डॉक्टर आधी दाराकडे बघतो (आजकाल ती भीतीही खोटी नाही). एकच शांत माणूस न्या, तो लिहून घेईल. "आईला मारायला निघाला होतात" म्हणालात, की बोलणं तिथेच खुंटलं. "रात्रीचं इन्सुलिन दोनदा दिल्याची नोंद दिसते, ते कसं झालं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. बोलू द्या त्यांना.

"तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं" ही माझ्या लेखी माफी नव्हे. काय चुकलं, आईवर आता काय उपचार करणार, पुढच्या पेशंटसाठी काय बदललं, हे आलं तर ती खरी. बरेच डॉक्टर कोर्टाच्या धास्तीने तोंड उघडत नाहीत. पण लोक तक्रारीला जातात ते बहुतेकदा उडवाउडवीने चिडूनच.

तशी वेळ आलीच, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगही. आयोगाची मुदत दोन वर्षांची, तेव्हा तारखा वहीत लिहून ठेवा. आणि बिलात सूट देतो, या कागदावर सही करा म्हणाले, तर सही करण्याआधी तो कागद घरी आणून वाचा.