जंगलातला वाघ खरोखर किती मोठा होतो?

बारा फूट नाही. आपल्या विदर्भात साडेतीनशे किलो तर नाहीच. सफारीत गाईडने दाखवलेला "बारा फुटी, साडेतीनशे किलोचा" नर खरा असू शकतो का, असं तुम्ही विचारलंय. त्या गाईडने तो वाघ काट्यावर घातलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या भागापुरते भरवशाचे आकडे जुनेच आहेत. डनबार ब्रँडर हा मध्य प्रांतातला वन अधिकारी. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी. त्याने 1923 साली छापलेली सरासरी अशी: 42 नर, 420 पौंड, म्हणजे 190 किलो. 39 माद्या, 290 पौंड, म्हणजे 131 किलो. चांगला वाढलेला नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नऊ-सव्वानऊ फूट भरतो आणि त्यात तीनेक फूट नुसतं शेपूट असतं. दहा फुटी वाघ असतो, पण क्वचित.

आता मापाचं. माझे बाबा साठच्या दशकात चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, रेंजर होते. तेव्हा शिकारीसाठी जंगलाचे ठरावीक तुकडे, म्हणजे ब्लॉक, परमिटवर मिळायचे, आणि वाघ पडला की मापाच्या वेळी बाबा हजर असायचे. पद्धत साधी. वाघ सरळ आडवा करायचा, नाकाशी एक खुंटी, शेपटीच्या शेवटच्या मणक्याशी दुसरी. मग वाघ बाजूला ओढायचा आणि खुंट्यांमधलं अंतर मोजायचं. शिकाऱ्यांना हे मुळीच आवडत नसे. त्यांना टेप कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या वळणातून दाबत न्यायचा असायचा, कारण तसं केलं की पाच-सहा इंच फुकटात मिळतात. जिम कॉर्बेटने 1930 मध्ये मारलेला पवळगढचा प्रसिद्ध नर दहा फूट सात इंच होता, तोही वळणावरून मोजून. खुंट्यांवर तो कमीच भरला असता. आणि कॉर्बेट निदान कसं मोजलं ते सांगायचा तरी.

माझ्या सासरी हे पटवणं कठीण. जुनं मालगुजारी घर, दिवाणखान्यात भिंतीवर वाघाचं कातडं. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला चुलत सासरे पाहुण्यांना सांगत होते, "बारा फुटी होता, आमच्या आजोबांनी एका गोळीत पाडला." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. म्हटलं, "काका, कातडं ओलं असतानाच खिळे ठोकून ताणतात. त्यावरून वाघ मोजत नसतात."

सगळे गप्प. सासूबाईंनी मला लगेच आत पुरणाकडे बघायला पाठवलं. धाकट्या दिरांना मात्र चेव आला. त्यांनी शिंप्याचा टेप आणला, स्टुलावर चढले आणि ताणलेलं, खिळे मारलेलं ते कातडं दहा फूट चार इंच भरलं. म्हणजे जिवंतपणी वाघ त्याहून बराच आखूड. काका म्हणाले, "वाळून आकसलं असेल." एक फूट आठ इंच! पाहुण्यांनी माना डोलावल्या, कारण घर काकांचं होतं. तेव्हापासून कुठल्याही कार्यात मी शिरले की कोणीतरी म्हणतंच, "रेंजरसाहेबांची लेक आली, टेप लपवा."

आता काकांचा मुलगा वाघांचे फोटो काढतो. जमिनीलगत कॅमेरा धरून मोठ्या लेन्सने काढलेला वाघ गव्याएवढा दिसतो, आणि खाली मथळा: "तीनशे किलोंचा राजा." उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय'लाही लोकांनी असंच मनाने अडीचशे किलोंवर नेऊन ठेवलं. 2016 मध्ये तो बेपत्ता झाला, तरी वजन वाढतंच आहे. जय मोठा होता, यात वाद नाही. पण पंजाच्या ठशावरून किंवा फोटोवरून किलो काढणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

हे सगळं मी आपल्याकडच्या वाघांबद्दल बोलतेय. तराईतले, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचे, नर अधिक भारी. नेपाळच्या चितवनात गुंगी देऊन तोललेले नर दोनशेच्या वर, काही अडीचशेच्या आसपास भरले. उलट सुंदरबनात तोललेल्या माद्यांची सरासरी ऐंशी किलोही भरली नाही. सैबेरियाचा वाघ सगळ्यांत मोठा, असं शाळेत शिकवतात. पण 1992 नंतर तिथे पकडून तोललेल्या नरांची सरासरी 176 किलोच आली. पिंजऱ्यातल्या लठ्ठ वाघांवरून अंदाज बांधू नये. विक्रमच हवा असेल तर 1967 मध्ये उत्तर प्रदेशात मारलेला 389 किलोंचा नर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. तो आकडा पुस्तकांत असतो, मी नाकारत नाही. मात्र वाघ एका बैठकीत तीसेक किलो मांस खाऊ शकतो, आणि त्या वाघाने आदल्या रात्री म्हैस खाल्ली होती असं सांगतात. एका वाघावरून जात ठरत नाही.

तेव्हा कोणी किलो सांगितले तर काटा कुठला ते विचारा, फूट सांगितले तर खुंट्या होत्या का ते विचारा. तुमच्याही घरी जुनं कातडं असेल तर आधी मालकीचं प्रमाणपत्र शोधा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याशिवाय ते ठेवणं गुन्हा आहे. आमच्याकडे प्रमाणपत्र आहे. त्यावर लांबीही लिहिलेली आहे, म्हणून तर काका ते कपाटातून काढत नाहीत.