मालकाविरुद्धच्या आंदोलनात जायचं, की गपचूप आपल्या सीटवर जाऊन बसायचं?

या अंकासाठी एकाच विषयावर तीन पत्रं आली. पहिलं बरंच मोठं होतं, थोडं छाटून देतोय, पण मजकूर त्यांचाच आहे.

प्रश्न : नमस्कार दादा. मी आणि माझा मोठा भाऊ, आम्ही 19 वर्षं एकाच फुटबॉल क्लबचे सीझन तिकीटवाले, सीट शेजारी शेजारी, त्यातली माझी सीट आधी बाबांची होती. चार वर्षांपूर्वी क्लबला नवीन मालक आला, तेव्हापासून चांगले खेळाडू विकले, स्टाफचे पगार दोनदा उशिरा झाले, ट्रेनिंग ग्राउंड गहाण पडलं आणि आज टीम खालून तिसरी आहे. आता फॅन ग्रुपने ठरवलंय की पुढच्या घरच्या मॅचला पहिली 15 मिनिटं कोणी आत जायचं नाही आणि पुढच्या वर्षीचं तिकीट रिन्यू करायचं नाही. राग मलाही आहे हो, पण पोरं आधीच घाबरून खेळतायत, त्यात रिकाम्या खुर्च्या दिसल्या आणि रेलिगेट होऊन खालच्या लीगमध्ये गेलो तर ते पाप आमच्या माथी येईल असं वाटतं. आणि रिन्यू केलं नाही तर बाबांची सीट जाणार. भावाला हे बोललो तर म्हणाला तुझ्यासारख्यांमुळेच मालक टिकलाय. आठ दिवस झाले, फोन उचलत नाही. मी काय करू?

उत्तर : आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला नको. ती 15 मिनिटं बाहेर थांबा, मग आत जा आणि घसा बसेपर्यंत टीमसाठी ओरडा. रिन्यूअलचं मात्र वेगळं आहे, त्यावर खाली येतो.

मी बाहेर थांबा म्हणतो त्याचं कारण टीम हरतेय हे नाही. स्वतःला एक विचारून बघा, उद्या ओळीने चार मॅच जिंकलात तरी तुम्हाला या आंदोलनात जावंसं वाटेल का? नसेल वाटणार तर तुमचा राग मॅनेजरवर आहे किंवा नशिबावर आहे, आणि त्यासाठी मालकाच्या नावाने बॅनर धरण्यात अर्थ नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चारपैकी दोन गोष्टी, पगार आणि गहाण पडलेलं ग्राउंड, या मैदानावरच्या नाहीतच. चार गोल मारले म्हणून ग्राउंड सुटत नाही.

लिव्हरपूलचं उदाहरण मला याच्यासाठी फार आवडतं. 6 फेब्रुवारी 2016, त्यांच्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, संडरलंडविरुद्ध मॅच, मालकांनी नवीन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंड करायचं ठरवलं होतं म्हणून 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. त्या वेळी लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं! जिंकत असताना उठून जाणं किती जड जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि पुढचंही सांगतो, लपवणार नाही, ते गेल्यावर संडरलंडने दोन गोल केले आणि मॅच 2-2 सुटली. म्हणजे तुमची भीती काही मनाचे खेळ नाहीत. लोक गेले म्हणूनच गोल झाले असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही, पण स्टेडियम अर्धं रिकामं झालं की खेळाडूंना कळतं हे कोणीही मान्य करेल. तरी चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, 77 पौंडांचं तिकीट रद्द केलं आणि दोन सीझन भाव गोठवले. दोन पॉइंट गेले, पण पुढच्या दोन वर्षांचे पैसे वाचले, आणि तेही सगळ्यांचे, बसून राहिलेल्यांचेसुद्धा.

यात एक बघण्यासारखं आहे. मागणी एका आकड्याची होती, त्यामुळे मान्य झाली की नाही ते लगेच कळलं. तुमच्या ग्रुपची मागणी काय आहे? 'मालक चालता हो' ही घोषणा झाली. तो निघून कोणाला विकणार, किती किमतीला विकणार, आणि स्टेडियम क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या, हे कोणी विचारलंय का? पुढच्या मीटिंगला तुम्ही जा आणि हे विचारा, तुमच्यासारखा काठावर बसलेला माणूसच असे प्रश्न विचारू शकतो, पुढे उभे असलेले तापलेले असतात. स्टेडियमचं तर पहिलं विचारा. जमीन हातची गेली की क्लब परत उभा करणं महाकठीण होतं. विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, तर चाहत्यांनी 2002 मध्ये स्वतःचा नवीन क्लब काढून तळापासून सुरुवात केली आणि प्लाव लेनला, म्हणजे क्लबच्या मूळ ठिकाणी, परत यायला त्यांना 2020 उजाडलं.

आता रिन्यूअल, कारण खरी गोम इथे आहे. या सीझनचं तिकीट तुम्ही आधीच घेतलंय, ते पैसे मालकाकडे पोचलेत, त्यामुळे तुमची सीट 15 मिनिटं काय अन् 90 मिनिटं काय रिकामी राहिली तरी त्याचं फारसं अडत नाही, फार तर कॅमेऱ्यावर वाईट दिसतं. त्याला तुमची गरज पडते ती रिन्यूअलच्या महिन्यात, तेव्हाच्या कॅशवर उन्हाळ्यातले पगार निघतात. म्हणून ग्रुपला सांगा, 'रिन्यू करू नका' असं आत्ताच बोलून मोकळे होण्यापेक्षा 'शेवटच्या तारखेपर्यंत कोणीच करू नका' असं ठरवा. क्लबकडून शेवटची तारीख लेखी घ्या, तोपर्यंत सीट तुमचीच असते, आणि मालकाला मात्र रोज सकाळी रिकामा आकडा बघावा लागतो. शेवटच्या दिवशी काय करायचं ते तुम्ही आणि भाऊ मिळून ठरवा. तुम्ही रिन्यू केलंत तर मी तुम्हाला गद्दार म्हणणार नाही, बाबांची सीट आहे ती. पण फक्त सीटसाठी करणार असाल तर एवढं लक्षात घ्या की खुर्ची क्लबमुळे आहे. इंग्लंडमधल्या बरी या गावाचा क्लब 1894 पासून लीगमध्ये होता आणि ऑगस्ट 2019 मध्ये पैशांच्या भानगडीत लीगमधून काढून टाकला गेला, तिथेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सीट होत्याच.

पूर्ण बहिष्कार किती लांबतो हे बघायचं तर ब्लॅकपूल. 2010-11 मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, खेळलेला क्लब, 2016 मध्ये चौथ्या पायरीवर. चाहत्यांनी 'आता एक पेनीही नाही' म्हणत घरच्या मॅचला जाणं बंद केलं आणि वर्षानुवर्षं गेले नाहीत. 2017 मध्ये कोर्टाने मालक कुटुंबाला भागीदाराचे 3 कोटी 10 लाख पौंडांच्या वर पैसे द्यायला सांगितले, ते वेळेत दिले नाहीत म्हणून 2019 च्या फेब्रुवारीत क्लबचा कारभार बघायला कोर्टाने नेमलेला माणूस, म्हणजे रिसीव्हर, बसला, आणि 9 मार्चला लोक परत आले, 15 हजारांच्या वर. एवढ्या वर्षांनी आपल्या जागेवर जाऊन बसायचं, शेजारचा आहे का बघायचं, मला तर नुसतं वाचूनच भरून आलं होतं. पण मालक शेवटी कोर्टाच्या निकालामुळे गेला, नुसत्या बहिष्काराने नाही, हेही तितकंच खरं. बहिष्काराने झालं काय, तर क्लब कुणाचा हा विषय थंड पडू दिला नाही.

त्याच ब्लॅकपूलच्या मालकांनी ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरावरून काही चाहत्यांवर बदनामीचे दावेही लावले होते, काहींना पैसे भरावे लागले. म्हणून मालकाबद्दल लिहाल ते कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा, चोर वगैरे शब्द रागात टाइप करू नका. आणि मैदानात उतरू नका! इंग्लंडमध्ये 1991 च्या कायद्याने विनाकारण पिचवर जाणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर फुटबॉल बॅनिंग ऑर्डर, म्हणजे मॅचला यायची बंदी, निघाली तर ती किमान तीन वर्षांची. मग सीट रिन्यू करूनही उपयोग नाही.

भावाबद्दल. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला, विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं, तेव्हा काही चाहते निघाले आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, काही थांबले. एका स्टँडमध्ये आयुष्य गेलेली माणसं दोन बाजूंना झाली, आणि मालक तिथेच. तुमचा भाऊ तुमच्यावर चिडलाय कारण मालक त्याच्या हाताला लागत नाही, तुम्ही लागता. फोन उचलत नाही तर घरी जा. मुद्दे घेऊन जाऊ नका. 'पहिली 15 मिनिटं मी तुझ्याबरोबर बाहेर आहे, नंतर तू माझ्याबरोबर आत ये', एवढं म्हणा.

प्रश्न : मी मँचेस्टर युनायटेडची फॅन, स्टेडियम फक्त टीव्हीवर बघितलंय. ग्लेझरविरुद्ध आंदोलनं होतात तेव्हा वाटतं आपणही काही करावं, पण इतक्या लांबून काय फरक पडणार?

उत्तर : टीव्हीचं सब्स्क्रिप्शन बंद करून मालकापर्यंत काही पोचत नाही ताई, तो पैसा आधी लीगकडे जातो आणि मग वीस क्लबांत वाटला जातो. जर्सी मात्र थेट क्लबच्या कमाईत धरली जाते. 2010 मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनी हिरवे-पिवळे स्कार्फ घालायला सुरुवात केली, क्लबचं मूळ नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे ते रंग, आणि क्लबच्या दुकानातून काहीही न घेता आपण कुणाचे आहोत ते दाखवायची सोय झाली. त्या वर्षी मार्चमध्ये एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहमने मॅच संपल्यावर तो स्कार्फ गळ्यात घातला होता, फोटो सगळीकडे गेला. तुम्ही नवीन जर्सी न घेता जुनी घाला, आणि सपोर्टर्स ट्रस्ट, म्हणजे चाहत्यांची संघटना, लांबच्या माणसांना मेंबर करून घेतो का ते विचारा. लगेच फरक पडेल असं खोटं सांगणार नाही, 2005 पासून किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची आहे, मॅचआधीच्या मोर्च्याला यायचंच म्हणते. नेऊ का?

उत्तर : न्या, पण कडेने चाला आणि गेटपाशी गर्दी दाटायच्या आत बाजूला व्हा. 2 मे 2021 ला सुपर लीगच्या प्रकरणानंतर, म्हणजे मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढायचा घाट घातल्यावर, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर लोक आत घुसले, लिव्हरपूलबरोबरची मॅच पुढे ढकलावी लागली, त्या राड्यात पोलीसही जखमी झाले, आणि तिथे आलेले बहुतेक लोक शांतपणे आले होते. गर्दीचं असंच असतं, वळते तेव्हा मागच्याला कळत नाही. कोणी धुराचे फ्लेअर पेटवले की लगेच तिथून निघायचं हे तिला घरीच सांगून ठेवा. मोर्चा कशासाठी आहे तेही सांगा, तिच्या भाषेत, आणि बॅनरवर काय लिहायचं ते तिला ठरवू द्या. ती बहुतेक आवडत्या खेळाडूचं नाव लिहील. लिहू द्या.